पुढचं पान नाही

...नाही, पण मला एक सांगा, जो व्हॉल्व्ह त्या पेटीत नाहीच, तो किती तापलाय हे मी का ठरवायचं? हसताय काय, मामाच्या पेटीत खरंच तसं एक पान आहे! पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे हो. गिटारवाल्यांची, पायाशी ठेवायची, लोखंडी, चपटी, खाली सहा पायबटणं आणि वर काडेपेटीएवढा पडदा. गिटारची वायर तिच्यात घातली की ती एकशे नव्वद जुन्या ॲम्प्लिफायरांची नक्कल करते. आणि नक्कल कशी, तर इमानेइतबारे! जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असायचे, दिव्यासारख्या नळ्या, ते तापायचे, वीज जराशी ढेपाळायची, त्याने आवाज मऊ व्हायचा... तर या पेटीत व्हॉल्व्ह नाही, पण त्याचा ताप आहे, पडद्यावर आकडा मांडून. एक पान. वीज ढेपाळत नाही, पण किती ढेपाळू ते विचारते. दुसरं पान. मग स्पीकरपुढे माईक किती इंचांवर, सरळ की तिरका. स्पीकर नाही, माईक नाही, इंच मात्र आहेत! अशी एकेका आवाजामागे चाळीस पानं, आणि ती उलटायला एकच चाक, ते जरा जास्त फिरलं की अठरावरून थेट तिसावर, आणि मागे यावं तर वाटेत अडवून विचारते, "केलेले बदल जतन करायचे?" अगं बाई, मी काय बदललं ते तर आधी सांग!

आणि मी म्हटलं होतं, सोपं करतो.

मी कोण? मी तिकडे लांब जाऊन चार वर्षं हेच शिकून आलेला माणूस. हेच म्हणजे, यंत्रं माणसांना समजतील अशी कशी करावीत. पदवी आहे त्याची, खोटं नाही सांगत. आमचे तिकडचे प्राध्यापक, उंच, बारीक, प्रत्येक शब्दाला आधी चावी देऊन मग तो सोडल्यासारखे बोलायचे, "माणूस... आणि त्याचं काम... यांच्यामध्ये... काहीही... येता कामा नये." मी भारावलो हो! वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. बरोबरचे सगळे तिकडेच राहिले, मी म्हटलं नाही, आपण परत जायचं, आपल्या माणसांची आयुष्यं सोपी करायची. परत आलो, आईला हे सगळं सांगितलं, ती म्हणाली, "आधी स्वतःची खोली आवर." ते असो.

तर सोपं करायला पहिला माणूस सापडला तो मामा. आईचा धाकटा भाऊ, वय त्रेसष्ट, वाद्यवृंदात गिटार वाजवतो. तीस वर्षं एकच जागा, डावीकडून दुसरी खुर्ची, ड्रमवाल्याच्या पुढे. लग्नं झाली, हॉटेलं झाली, कंपन्यांची स्नेहसंमेलनं झाली, सभागृहं बदलली, खुर्च्यासुद्धा बदलल्या, जागा तीच. आणि रोज सकाळी मामाचं त्या पेटीशी भांडण! गुडघ्यांवर बसलेला, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, "काल बरोबर होतं, आज बोथट वाजतंय. कुणीतरी हात लावलाय हिला." आता कोण लावणार? घरात माणसं दोन. स्वयंपाकघरातून मामी, "माझं नाव घेऊ नका हं! माझ्या त्या सवतीवरची धूळसुद्धा मी पुसत नाही!" मग मामा पानं उलटणार, सव्विसावर काहीतरी अर्ध्याने वाढवणार, एकतिसावर काहीतरी कमी करणार, आणि तासाभराने, "हां... इथे होती गडबड!" खूश. दुसऱ्या दिवशी? पुन्हा बोथट!

मला बघवेना. तीस वर्षं सुरांत घालवलेला माणूस, आणि त्याच्या सकाळी खातंय कोण, तर मेनू! माझं रक्त उसळलं. म्हटलं, "मामा, मला एक आठवडा दे."

"काय करणार?"

"सोपं करणार. इतकं सोपं की मामीलासुद्धा जमेल."

"मामीला कशाला जमायला पाहिजे?" मामा म्हणाला. "तिला जमलं तर मग मी काय करू?"

हा प्रश्न, तुम्हाला सांगतो, मी नीट ऐकायला हवा होता. मी हसलो.

आठवडाभर वही घेऊन मामाच्या मागे फिरलो. कारण आमचे प्राध्यापक म्हणायचे, यंत्राचे शब्द टाका, माणसाचे शब्द घ्या. आणि काय शब्द होते मामाचे! पेटी म्हणते प्रेझेन्स, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा, मामा म्हणतो, "धार." पेटी म्हणते रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मामा म्हणतो, "जरा ओलं कर." पेटी आणखी काहीतरी सात अक्षरी बोलते, मामा म्हणतो, "लांबून येऊ दे रे, जिन्याखालून कुणी हाक मारल्यासारखं." मी ड्रमवाल्यालाही विचारलं, तुम्हाला गिटार कशी हवी? तो म्हणाला, "कमी." म्हटलं, काय कमी? "गिटार." ड्रमवाल्याला काही विचारू नये.

मग मामाचा टॅबलेट पेटीला जोडला. एकशे नव्वद ॲम्प्लिफायरांतला तो वापरायचा तो एक ठेवला, बाकीच्यांना रजा. चाळीस पानांतले आकडे मागच्या मागे आपोआप जुळतील असं केलं, आणि समोर पडद्यावर चार गोल चकत्या. धार, ओलावा, भार, अंतर. बस्स! पुढे काही नाही, मागे काही नाही, जतन करायचं का म्हणून विचारणारं कुणी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मामी मागून वाकून म्हणाली, "चार शेगड्यांचा गॅस दिसतोय."

आता एक गोष्ट तेव्हाच दिसली होती, तीही सांगतो, लपवत नाही. पेटीत जतन केलेले जुने आवाज नव्यात आणताना प्रत्येकाची तारीख दिसायची. अकरा वर्षांपूर्वी धारेचा आकडा चार. मग साडेचार. मग पाच, सहा... यंदा नऊ. मी काय केलं? आलेख काढला! सुरेख जिना आला, एकेक पायरी वर चढणारा. आणि त्याखाली मी काय लिहिलं? "वापरणाऱ्याला धार आवडते." चार वर्षं शिकलोय हो मी!

आणि मी म्हटलं होतं, सोपं करतो.

तालमीची खोली म्हणजे फर्निचरच्या गोदामाचा वरचा मजला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यांतला कापूस गाणाऱ्या बाईंच्या नाकात जातो म्हणून त्या रुमाल धरूनच बसतात. वाद्यवृंदाचे प्रमुख मास्तर, त्यांना प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची सवय, "चला, चला, चला, शनिवारी कार्यक्रम आहे!" मी टॅबलेट मामापुढे स्टँडवर लावला आणि बाजूला उभा राहिलो, पहिल्या मुलाला शाळेत सोडायला आलेल्या आईसारखा.

मामाने तार छेडली. "बोथट." धार वाढवली. "अजून बोथट." अजून वाढवली. व्हायोलिनवाल्या काकांनी खुर्ची सरकवली. मामाने पुन्हा चकती फिरवली. बाईंनी नाकावरचा रुमाल कानावर घेतला. ड्रमवाला, अहो ड्रमवाला, ज्याच्यामुळे खालच्या गोदामात कपाटांची दारं आपोआप उघडतात, त्याने भिंतीतल्या गादीचा कापूस उपटून कानांत कोंबला! मास्तर ओरडले, "अहो, अहो, अहो, कान फाटले!" आणि मामाचं बोट चकतीच्या शेवटाला जाऊन टेकलं.

"हे इथेच थांबतं?"

"हो मामा. पूर्ण धार."

मामाने पडद्यावर बोट डावीकडे सरकवलं. काही झालं नाही. उजवीकडे सरकवलं. चार चकत्या जराशा हलल्या आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

"पुढचं पान?"

"पुढचं पान नाही मामा! सोपं केलंय ना!"

अभिमानाने सांगितलं हो मी, छाती पुढे काढून! चाळीस पानं होती तेव्हा चूक कुठेही असू शकत होती, सव्विसावर, एकतिसावर, माईकच्या त्या नसलेल्या इंचांत. आता? ओलावा ठीक, भार ठीक, अंतर ठीक, धार पूर्ण. चूक राहायला जाणार कुठे? पेटीत तर मी तिला खोलीच ठेवली नव्हती! मामाने मान वर केली, सगळ्यांच्या कानांवरचे हात बघितले, आणि तळहाताने तारा दाबून गप्प केल्या. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला बोथट ऐकू येतंय रे."

लक्षात आलं का? अकरा वर्षं तो "बोथट वाजतंय" म्हणत होता.

तेवढ्यात मास्तर आले. "काय, काय, काय? पेटी बिघडली का?" मामाने माझ्याकडे बघितलं. एवढंच, बघितलं. आणि मी, सत्यवचनी, पदवीधर, काय म्हणालो? "छे! पेटी एकदम उत्तम चाललीये!"

...पाणी असेल तर जरा द्या कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन. मामीने घेतला. "त्यांना थोडा आराम, आराम, आराम करू द्या. शनिवारी कीबोर्डवाला गिटारचंही वाजवून घेईल." मामाने गिटार खोळीत घातली, खोळ कपाटावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसला. भांडण नाही, पानं नाही. मी गेलो तर मामीने दारातच धरलं.

"आलास? बघ तुझं सोपं! उठतात, चहा घेतात, खिडकीशी बसतात. चार चकत्यासुद्धा नकोत यांना, एका खिडकीवर चाललंय!"

मी म्हटलं, मामी, कानांचे डॉक्टर असतात, छोटंसं यंत्र मिळतं, त्यात लाज कसली, तिकडे तर लोक खुशाल... तिने पूर्ण भाषण ऐकून घेतलं, वर पाण्याचा पेलाही दिला. मग म्हणाली, "झालं? दोन वर्षं मी हेच सांगतेय. म्हणतात, कानात यंत्र दिसलं की मास्तर खुर्ची देतील, पण प्रेक्षकांत. आता तू बोल."

मी मास्तरांकडे गेलो. त्यांच्यासमोर, बाईंसमोर, त्या ड्रमवाल्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पेटी मी बिघडवली होती. सोपं करायला गेलो आणि आवाज फाडून ठेवला. मामाची काही चूक नाही." मास्तर म्हणाले, "शिकलेली मुलं, मुलं, मुलं!" आणि ड्रमवाला किती हसला म्हणता, काठी पडली हातातली. चार वर्षांच्या पदवीचा दिवसाढवळ्या अंत्यविधी झाला, पण शनिवारी मामाची जागा राहिली.

आणि मग घरी येऊन मी काय केलं असेल? पेटीतून दोन वायरी काढल्या. एक मामाच्या पायाशी, त्याच्याकडेच तोंड करून ठेवलेल्या छोट्या स्पीकरला, तिच्यात धार त्याला हवी तेवढी, चकतीच्या शेवटाच्याही पुढे. दुसरी सभागृहाला, तिच्यातली धार मी गुपचूप छाटतो. हे एक. दुसरं म्हणजे, टॅबलेटवर पानं बनवली. चाळीस! आकडे, पट्ट्या, बाण, सगळं हलतं, सगळं फिरतं, आणि कशाचाही कशाशी काडीचा संबंध नाही! नावंसुद्धा माझी. "उष्ण वक्रता." "पश्चात कंपन, दुय्यम." वाटेत एक चौकटही ठेवली, "केलेले बदल जतन करायचे?" आमचे प्राध्यापक बघायला नव्हते, हे नशीब.

आणि मी म्हटलं होतं, सोपं करतो!

पण मामा वाजवतोय. डावीकडून दुसरी खुर्ची. तालमीआधी पंधरा मिनिटं पानं उलटतो, कपाळाला आठ्या, आणि मास्तर शेजारी उभे राहून म्हणतात, "केवढं अवघड, अवघड, अवघड असतं हो हे! त्या कीबोर्डवाल्याला नसतं जमलं." कानांच्या डॉक्टरांचा विषय मी रोज काढतो. मामा म्हणतो, "काय म्हणालास?" त्याच्या स्पीकरची धार गेल्या आठवड्यात मी एक घर वर नेली. आता दोन घरं उरलीत. त्यापुढे काय, ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आणि आज सकाळी मामाने मला हाक मारली. दार लोटून घेतलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला, टॅबलेट माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "बारावं पान आणि एकोणिसावं पान सारखंच आहे."

मी... म्हणजे कंटाळून मी तिथे मागचंच चिकटवलं होतं. म्हटलं, "मामा, तुला म्हणजे..."

"मास्तर शेजारी उभे असतात," मामा म्हणाला. "त्यांची नजर चांगली आहे. बदल ते."

एवढं बोलून गिटारच्या तारा पुसायला गेला. मी तेव्हापासून बसलोय. एकोणिसाव्या पानासाठी काहीतरी अवघड हवंय, सहापर्यंत, तालमीच्या आधी. आणि एवढं लांब जाऊन शिकून आलोय ना, तुम्हाला सांगतो, जे सुचतंय ते सगळं सोपंच सुचतंय... तुमच्यापैकी कुणाला काही येतं का हो, न समजण्यासारखं?