तिसरी घंटा

खडकीच्या बसथांब्यावर पूर्णिमाच्या मागे दोन बायका बोलत होत्या.

"मुक्ताई, तुमचा मुलगा महिपती आता प्रोफेशनल बॉक्सर झाला म्हणे! तोही हेवीवेट!"

"हो. दुबईला असतो. मॅच मोबाइलवर बघते."

"मग काय, मजा आहे तुमची!"

"कसली मजा! हौशी होता तेव्हा घरामागच्याच हॉलमध्ये खेळायचा. तीनच राउंड. तिसऱ्या राउंडची घंटा घरात ऐकू आली, की मी अंडी उकडायला ठेवायचे. आल्या आल्या डझनभर फस्त करायचा."

"आणि आता?"

"आता राउंड दहा. पण तिसरी घंटा झाली, की मी उठतेच."

पूर्णिमाची बस आली. तिने ती जाऊ दिली.

"अहो, पण खायला कोण आहे घरी?"

"तेच ना. अंडी शिजतात, गार होतात. हा आपला अजून रिंगमध्येच."