पाण्यातून वर आलेलं नाव

दवाखान्यात माझ्या शेजारी गटारं साफ करणारा एक जण सुजलेला पाय घेऊन बसला होता. सोबत त्याची थोरली बहीण होती.

“बाप्तिस्मा घेतलास, मिळालं काय?”

“नाव मिळालं, ताई.”

“नाव तर आईनं ठेवलं होतं की.”

“त्या नावानं हाक कोण मारायचं? सगळ्यांचा मी ‘ए गटारवाल्या’. पाण्यातून वर आलो, तर पाळक माझं नाव घेऊन म्हणाले, हे देवाचं लेकरू.”

“आणि त्याच दुपारी लेकराची विजार चिखलानं का माखली होती?”

“चर्चमध्ये जेवणं चालली होती, मोरी तुंबली. पाळकबाई म्हणाल्या, बंधू, जरा बघता का?”

“घ्या! गटारवाल्याचा बंधू झाला, गटार तेच.”

“मी उतरलो. वर आलो तोवर ताटं उचलली होती.”

“तरी परवा पुन्हा तडमडलास.”

“परवा पुन्हा तुंबली.”

“उतरलास?”

“नाही. म्हटलं, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. आज पाळकांनी उतरावं, मी बादली ओढतो.”

“अरे बापरे! मग?”

“म्हणाले, उद्धट झालास, पुढच्या रविवारी येऊ नकोस.”

“सुटलास एकदाचा.”

“रविवारी जाणारच, ताई. देव काही त्यांच्या मोरीतून आला नाही माझ्याकडे.”

दारातून नर्स ओरडली, “तो गटारवाला कुठाय? आत ये.”

“ऊठ, तुझा नंबर आला.”

“नावानं बोलावू दे.”

“अरे, पाय सडेल तुझा!”

“सडू दे.”

“ए गटारवाल्या! आहेस का गेलास?”

ताईच उठली. “ओ बाई, तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर माझ्या भावाचं नाव लिहिलंय. वाचा की!”