कुलसुमबीच्या पोटातली जाळी

…अन् पुन्हा तेच, गॅस असंन! तुमाले सांगतो, आमच्या बार्शीटाकळीत कोणाचंबी पोट दुखो, त्याले गॅसच होते, दुसरं काही व्हायची सोयच नाही. आता कुलसुमबीचंच घ्या. रहमतुल्ला गादीवाल्याची बायको. तो कापूस पिंजते, ही दिवसभर उकिडवी बसून रजईले टाके घालते. बेंबीपाशी गोळा आला, अकोल्याचा डॉक्टर म्हणे हर्निया हाये, ऑपरेशन करून आत जाळी बसवा लागते. रहमतुल्लाले वाटलं खिडकीले असते तशी लोखंडाची. त्यानं इचारलं, गंजणार तर नाही ना? डॉक्टर हासला, म्हणे प्लास्टिकची असते हो, मऊ, मच्छरदाणीसारखी, जन्मभर टिकते.

टिकली ना! तिथंच तर सगळा घोळ. वर्ष झालं नसंन, बाईच्या पोटात आग व्हाले लागली, टाक्यातून पाणी याले लागलं, वाकता येईना. गेली डॉक्टरकडं. डॉक्टरनं लांबूनच पाह्यलं, म्हणे जखम तर भरली, गॅस असंन. बाजूची माणिकबाई ओवा घेऊन आली, म्हणे गॅस होय बाई, वांगे खाऊ नको. मेडिकलवाल्यानं तर चिठ्ठीबी मांगली नाही, गॅसची गोळी हातावर ठेवली. अन् रहमतुल्ला? तो रोज संध्याकाळी सोड्याची बाटली आणे, मोठ्या मायेनं आणे, पण म्हणे तेच, गॅस हाये, पिऊन घे.

आता एवढ्या सगळ्या लोकांनी सांगतल्यावर माणूस काय म्हणंन? बाईलेच वाटाले लागलं, आपण नाटक तर करून राह्यलो नाही ना? टाके घालणं सुटलं. सजद्याले वाकता येईना म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढाले लागली, तर पाहुण्या बाया म्हणत, कुलसुमबी मोठी माणूस झाली, आता खुर्ची लागते.  आता पोट का उघडून दाखवता येते?

मंग तिची पोरगी लुबना, अकोल्यात शाळेवर हाये, ती एक दिवस आली, मायले उचलली अन् सरळ अमरावतीले नेली, डॉक्टर हेमचंद्र म्हणून आहेत त्यांच्याकडं. त्यांनी मशीनमधून फोटो काढला अन् गॅसचं नावबी घेतलं नाही. म्हणे, आतली जाळी गोळा होऊन आतडीले चिकटली, काढा लागते.

लुबनाची मैत्रीण चारुता वकील हाये, बायायले कोर्टाकडून फुकट वकील भेटते ना, त्याच्यात तिचं नाव हाये. हे कितीक जणायले माहीतच नाही, तुमाले होतं का? लुबनानं तिले फोन लावला. चारुता म्हणे केस होते, पण एक करा, निंघालेली जाळी फेकू देऊ नका, डॉक्टरलेच सील कराले लावा. झालं, कुलसुमबीनं ते डोक्यात पक्कं बसवलं. टेबलावर झोपवली, सुई टोचणार, तर डॉक्टरचा हातच धरला.

"साहेब, आतून जे निंघंन ते मले पाहिजे."

"कशाला हो?"

"ज्यानं बनवली त्याले दाखवतो."

निंघाली. चुरगळलेल्या बसच्या तिकिटासारखी, पण कडक, कडा तुटलेल्या. डॉक्टरनं बरणीत घातली, सील केली. रहमतुल्लानं ती बरणी हातात घेतली, लय येळ पाह्यली, बाजूच्या बाकड्यावर बसला, अन् हळूच म्हणे, "हा गॅस होय?"



मंग ग्राहक आयोगात केस. जाळीच्या कंपनीचा वकील मुंबईहून ये, काळा कोट, गोड बोलणं. पहिल्यांदा म्हणे, ऑपरेशनले दोन वर्षं उलटली, मुदत गेली. चारुता म्हणे, जाळी खराब हाये हे बाईले कळलं कवा? बाहेर निंघाली तवा. मुदत तथून धरा. आयोगानं धरली. मंग तो म्हणे, बाई वजनदार रजया उचलते, म्हणून जाळी बिघडली. मंग म्हणे, जाळी उत्तम हाये, बाईच्या शरीरालाच ती मानवली नाही. म्हणजे काय? जाळीले सासुरवास झाला?

अध्यक्ष मॅडमनं कुलसुमबीलेच इचारलं, तुमाले काही सांगायचं हाये का. उभी राह्यली बाई. लुबना सांगते, मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् बोलली.

"मॅडम, हे शरीर माह्या संगं पन्नास वर्षं हाये. चार लेकरं यानं मानवून घेतली. यानं कवाच कुरकुर केली नव्हती. आतमंदी नवीन कोण आलं होतं, ते पहा."

जाळी तपासाले गेली. रिपोर्ट याले एवढा येळ लागला की तितक्यात रहमतुल्लानं पिंजायचं मशीन बदललं. पण आला, अन् त्याच्यात साफ लिवलं होतं, मालच खराब, आक्रसणारा. निकाल कुलसुमबीच्या बाजूनं. कंपनीले भरपाई, अन् दवाखान्यालेबी चपराक, की जाळी बिघडू शकते हे बाईले सांगतलंच नाही. रहमतुल्ला कोर्टाच्या पायरीवर रडला. कुलसुमबी म्हणे, चला, बस चुकंन.

संपलं? कायचं संपते! कंपनी नागपूरले अपिलात गेली. चारुता म्हणे, थांबा लागंन. कुलसुमबी म्हणे, थांबतो, आता दुखत तर नाही. अन् खरंच, पुन्हा खाली बसून टाके घालाले लागली.

पण पेपरात बातमी आली ना. भातकुलीहून बाया, परतवाड्याहून बाया. कोणाच्या पोटात जाळी, कोणाच्या दुसरं काही, पण ऐकणारं कोणी भेटलं नाही सगळ्यायलेच. कुलसुमबी दुकानातच एकेकीचं ऐकते, तपासते, चारुताचा पत्ता देते. अन् रहमतुल्ला? गिऱ्हाईक दिसलं की हौसेनं मापाचा गज घेऊन उठते, इचारते, डबल पाहिजे का सिंगल? बाई म्हणते, रजई नाही जी भाऊ, पोट दाखवाचं हाये. मंग काय… बिचारा गज खाली ठेवते, आपल्याच दुकानाचं शटर अर्धं ओढते, अन् बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहते.