आखाड्यातलं पायताण

कागलच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन दोस्त मोबाईल घेऊन बसले होते.

“तोहिद, एवढं काय लिवायलायस?”

“गेमच्या कंपन्या सल्लागार नेमत्यात. कुठली माणसं कशी दाखवायची, ते म्हणं त्यास्नी विचारायचं. गेमची पार वाट लावली. हाकला सगळ्यास्नी, अशी पोस्ट टाकली.”

“बरं. ह्या नव्या गेमात आपल्या कोल्हापूरचा पैलवान हाय, बघ.”

“दाव की. आरं, ह्यो तर पायताण घालून आखाड्यात उतरलाय.”

“गेम हाय, चालतंय.”

“काय चालतंय? लाल माती हाय ती. आपल्या वस्तादांनी फोडून काढला असता. कोल्हापुरातल्या एकाला तरी विचारायचं की.”

“कुणाला?”

“मला विचारायचं.”

“मग मगाची पोस्ट काढ.”

“आता कशी काढू, विश्वा? वस्तादांनी लाईक केलीय.”