फरनाळ

(जेद्दा, दुपार. यासीनच्या खोलीत अर्धवट बांधलेलं सामान. त्याच्याच गावचा ताजुद्दीन कामावरचे बूट न काढताच आलाय.)

ताजुद्दीन : दोरी राहू दे रे जरा. बस इकडे.

यासीन : बसून कसं चालेल? उद्या विमान आहे. फायनल एग्झिट लागली, कायमचं गावी, खलास. गोडाउनची चावी सकाळीच त्या सौदी पोराला दिली. माझ्या जागी सौदीच हवा म्हणतात. पोरगा वाईट नाही, मीच शिकवला त्याला.

ताजुद्दीन : तुझे अब्बा कुठल्या बोटीवर होते?

यासीन : आज हे काय नवीन? सगळ्या गावाला ठाऊक आहे. फरनाळ. लढाईच्या वक्ताला इंग्रजांनी बांधलेली, एम्पायर फर्नले. अब्बा बॉयलरवर आगवाले. इथंच कुठंतरी खडकावर चढली. वरचे वाचले, खालचे आगवाले आतच राहिले.

ताजुद्दीन : तू बंदरात विचारलं होतंस ना?

यासीन : किती वेळा. या नावाची बोट इथं बुडालीच नाही म्हणायचे. अम्मी मरेपर्यंत विचारत होती, जागा गावली का.

ताजुद्दीन : ती किनाऱ्यासमोर अर्धी बुडालेली बोट, आम्ही भंगारासाठी कापतोय ती...

यासीन : ग्रीकाची? अनास्तासिया?

ताजुद्दीन : तीच. सकाळी नाळेवरचा, पुढच्या टोकावरचा रंग गॅसनं जळाला. खालून वेल्डिंगचं जुनं नाव वर आलं. मी हात फिरवून वाचलं. एम्पायर फर्नले.

यासीन : मस्करी नको करूस, ताजू.

ताजुद्दीन : यावर कोण मस्करी करील? लढाईनंतर विकली असेल. मग आणखी कुणाला, शेवटी ग्रीकाला. प्रत्येकानं वर आपलं नाव रंगवलं. आपली माणसं मात्र जुन्याच नावानं हाक मारत राहिली. नवं नाव घेतलं तर दर्या बोटीला ओळखत नाही, म्हणायचे ना?

यासीन : अब्बाच म्हणायचे.

ताजुद्दीन : हं.

यासीन : दर जुम्म्याला आम्ही तिच्याच समोर चटई टाकायचो रे. बायको बिर्याणी आणायची. पोरं तिला दगड मारायची, पोचतो का बघायला. आणि मी हसायचो.

ताजुद्दीन : तुला कसं कळणार होतं?

यासीन : ऊठ. गाडी काढ. एकदा जवळून बघतो.

ताजुद्दीन : यासीन, नाळच तेवढी उरली होती. आत्ताच भंगारात गेली. तिथं आता नुसता समुद्र आहे.

यासीन : समुद्र गावालाही आहे.

ताजुद्दीन : मला आधी कळलं असतं तर...

यासीन : बॉयलर कुणी कापला?

ताजुद्दीन : मीच. गेल्या आठवड्यात.

यासीन : आत काही होतं?

ताजुद्दीन : गाळ होता. दुसरं काही दिसलं नाही. बिस्मिल्ला म्हणून गॅस लावला. नेहमीच म्हणतो.

यासीन : त्या दिवशीही म्हणालास?

ताजुद्दीन : म्हणालो.

यासीन : बरं. मग ही दोरी धर इकडून. एकट्याला गाठ बसत नाही.