झाकण लागलं पाहिजे

अरे, मला कसले एक्स्पर्ट म्हणता? खरे एक्स्पर्ट आमच्या शूटिंग क्लबचे कुक, श्रीवर्धनचे हमीदचाचा.

आमचे अरबाब, म्हणजे क्लबचे अरब मालक, परदेशात शिकारीला निघाले होते. त्यांची काडतुसं मी क्लबातच हातानं भरायचो. पितळी नळीत गोळी किती खोल बसवली की नेम पक्का लागतो, हे शोधण्यात माझे दोन आठवडे गेले. शेवटी गोळी जरा बाहेर ठेवली, आणि निशाणावर तीन गोळ्या एकाच भोकात! अरबाब खूश. "खलास, हबीबी! अशीच चाळीस भर."

भरली. निघायच्या आदल्या दिवशी चाचा माझा जेवणाचा डबा घेऊन आले. टेबलावर रायफलीचं सुटं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, होतं.

त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यात ही काडतुसं मावतात ना रे?"

"चाचा, हा काय टिफिन आहे?"

"डबाच की. सालन कितीही झकास असू दे, झाकण लागलं पाहिजे."

मी हसत हसत एक काडतूस घालून बघितलं. जाईना. दुसरंही जाईना. सगळीच लांब! रेंजवर मी एकेक काडतूस हातानं थेट रायफलीत घालत होतो, मॅगझिन डोक्यातच नव्हतं. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस गोळ्या जरा आत दाबल्या, दोन-चार जादा भरून, उडवून नेमही बघितला, तेव्हा जिवात जीव आला.

आठवड्यानं अरबाबचा फोन आला, "पहिल्याच गोळीत हरण! शाबास!"

मी धावत किचनमध्ये गेलो आणि चाचांचे हात धरले. "चाचा, तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली."

"ते असू दे," चाचा म्हणाले, "त्या दिवशीचा डबा कुठंय?"