खरा जॉन

आमच्या दादाची खोड तुम्हाला माहीतच आहे. रिक्षाजवळ कुणी गोरा आला की हा ओरडणार, "हॅलो जॉन! वेरूळ?" त्यातला कुणी पीटर निघायचा, कुणाचं नाव जिभेवर बसायचं नाही. जॉन एकही नाही.

मी म्हणायचो, "दादा, गप की. लोकं हसतेत."

"हसू दे. आपल्याकडं जसे संतोष, तसे तिकडं जॉन. एक ना एक दिवस खरा जॉन बसंल बघ."

"व्हय, आन् मी कलेक्टर होईन!"

दादाला जाऊन महिनाही झाला नाही. रिक्षा आता मी चालवतो. परवा स्टेशनवर एक म्हातारा गोरा दिसला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हॅलो जॉन! वेरूळ?"

तो थबकलाच. "यस, जॉन! हाऊ यू नो?"

मला इतका आनंद झाला, की मागचापुढचा विचार न करता मी दादाला फोन लावला. तू जिंकलास, एवढंच सांगायचं होतं.

रिंग रिक्षातच वाजली. दादाची जुनी गिऱ्हाइकं अजून फोन करतात, म्हणून त्याचा मोबाईल मीच हँडलखालच्या खणात चालू ठेवलाय. मी तिथंच रडायला लागलो.

बिचाऱ्या जॉनला काय कळणार? तो खणाकडे बोट दाखवून म्हणत होता, "फोन, फोन!"

मी मोबाईल बाहेर काढला. स्क्रीनवर माझं नाव नव्हतंच. दादानं माझा नंबर 'कलेक्टर' म्हणून ठेवला होता.